चकलीचं चाक आणि बिनशेपटीच्या मांजरांचं बेट

ईडन प्रेरी, मिनेसोटा
जुलै २००७

तीर्थस्वरूप रत्नावहिनी यांस,

उत्तराचा नमस्कार पोचावा. तुमच्या गुडघ्याची चौकशी करायला मी पार्सिपनीला अनेकदा फोन केला. दर वेळी विष्णू म्हणाला, "आत्या, आई आंघोळीला गेलीये." तुमचा मुलगा लहानपणापासून खोटं बोलण्यात कच्चा आहे, आणि दिवसातून इतक्या आंघोळी गुडघ्याला बऱ्या नाहीत. म्हणून पत्र लिहिते. पत्राला आंघोळीचं कारण सांगता येत नाही.

विष्णूकडून निरोप मिळाला तो असा, की माझ्या नातीच्या, म्हणजे सईच्या लग्नाला तुम्ही येणार नाही आणि रुखवतही करणार नाही. कारण मुलाला गाव नाही, घराणं नाही, कुठल्याशा बेटावरचे लोक, तिथल्या मांजरांना म्हणे शेपटीसुद्धा नसते. घराण्याची चौकशी रास्त आहे. (मांजरांची माहितीही खरी आहे, पण लग्न मांजराशी ठरलेलं नाही.) सारी नोकरी मी इतिहास शिकवण्यात घालवली. तेव्हा विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सविस्तर देते. रुखवताची काळजी करू नये. ते मी स्वतः करते आहे आणि उत्तम होत आहे. तुम्ही आलंच पाहिजे असं मुळीच नाही.

मुलाचं नाव इलियम स्किलिकॉर्न. वाढला इथे मिनेसोटात, पण आजोबा आइल ऑफ मॅनचे. इंग्लंड आणि आयर्लंड यांच्यामधल्या समुद्रात हे बेट आहे. इंग्लंडची राणी मानतात, पण इंग्लंडात मोडत नाहीत. स्वतःचं कायदेमंडळ आहे आणि ते हजार वर्षांचं असल्याचा त्यांना अभिमान आहे. (आपल्याकडे सोसायटीची कमिटी दोन वर्षं टिकत नाही.) आता हे लोक कसे, ते ऐका. पूर्वी त्यांची टपालाची बोट दुसऱ्यांच्या मालकीची होती, आणि ती कंपनी हिवाळ्यात मोडकळीला आलेल्या बोटी पाठवायची. बेटकरांनी अर्ज केले, रडले नाहीत, आणि शेवटी १८३० साली वर्गणी काढून स्वतःची आगबोट बांधली. पहिल्याच फेरीत जुन्या कंपनीने शर्यत लावली आणि थोडक्यात हरवलं. पण पुढे बेटकरांची बोट राहिली आणि दुसऱ्यांची गेली. ती कंपनी आजही चालू आहे. वाचताना मला आपला दादा आठवला. गल्लीच्या तोंडाशी एसटी थांबत नव्हती तेव्हा तो छत्री उघडून रस्त्याच्या मधोमध खुर्ची टाकून बसला होता, आणि तुम्ही त्याला तिथेच चहा नेऊन दिला होतात. दादाला हे लोक आवडले असते. तुम्हालाही आवडतील, पण तुम्ही येणार नाही, तेव्हा तो विषय सोडते.

मुलाच्या आजोबांकडे मी पत्रिकेचा नमुना दाखवायला गेले. डॉक्टर स्किलिकॉर्न हे निवृत्त दंतवैद्य, माझ्याच वयाचे, ताठ बसणारे, आणि चहा कपातच पिणारे (इथे लोक बादलीएवढ्या कागदी पेल्यातून पितात). त्यांनी पत्रिकेवरचा गणपती पाहिला आणि त्याच्या पायाशी तो छोटा प्राणी कोणता, असं विचारलं. प्रश्न विचारल्यावर अर्धवट उत्तर देणं माझ्या स्वभावात नाही. तो उंदीर आहे, तो देवाचं वाहन आहे, त्याला वश करण्याचा अर्थ काय, हे मी इंग्रजीत नीट समजावलं. डॉक्टरांनी कप खाली ठेवला, टेबलावर टकटक केली आणि शीळ घातली. माणूस वयाच्या मानाने उत्साही आहे असं मला वाटलं. मी दुसरा मुद्दा घेतला, त्यांनी पुन्हा शीळ घातली. मग ते उठून जिना उतरून तळघरात गेले. मला वाटलं, टिपणं घ्यायला वही आणायला गेले. वर्गात चांगली मुलं असंच करत. म्हणून मीही मागोमाग जिना उतरले आणि उतरताना उंदराचं माहात्म्य पुढे चालू ठेवलं. प्रत्येक पायरीवर शीळ. वरून सई ओरडत होती, "आजी, प्लीज, स्टॉप. जस्ट स्टॉप टॉकिंग." मी विषय अर्धा टाकून थांबत नसते हे तिला ठाऊक असायला हवं.

शेवटी इलियमने येऊन उलगडा केला. त्या बेटाच्या माणसांनी उंदराचं नाव घ्यायचं नसतं. घेतलं तर घात होतो. 'लांबशेपट्या' म्हणायचं. कुणी चुकून नाव घेतलंच, तर लाकडाला हात लावायचा आणि शीळ घालायची. डॉक्टरांनी जन्मभर शास्त्रशुद्ध दात उपटले, पण ही गोष्ट सोडली नाही. मी त्यांच्या घरात, पायरीपायरीवर, लग्नाच्या पत्रिकेसकट ते नाव घेतलं होतं. सुलेखा (माझी सून, प्रत्येक गोष्टीत संकट पाहणारी) कारमध्ये जाऊन बसली होती. लग्न मोडलं असं तिने नवऱ्याला, राजीवला, फोनवर कळवूनही टाकलं होतं. मी डॉक्टरांना एवढंच सांगितलं, की माझी आई दिवेलागणीनंतर कधी साप म्हणाली नाही, 'लांबडं' म्हणायची. आणि मी एम.ए. झाल्यावरही रात्री ते नाव घेत नाही. डॉक्टर म्हणाले, तुमचे लोक शहाणे आहेत. आणि त्यांनी तळघरातला मोठा दिवा लावला.

वहिनी, तळघरभर त्यांनी सगळं बेट मांडलं आहे. डोंगर, समुद्र, बंदर, आणि त्यातून धावणाऱ्या आगगाड्या. रूळ अरुंद, डबे लाल, इंजिनं हिरवी. पहिली गाडी १८७३ साली डग्लसहून पीलला गेली. रेल्वेला बेटावरचे पैसे पुरेनात, तेव्हा एका ड्यूकने भर घातली, म्हणून पहिल्या इंजिनाला त्याचं नाव. आपल्याकडे देवळातल्या पंख्यावर देणगीदाराचं असतं तसं. मग दक्षिणेला रूळ गेले. उत्तरेच्या गावाला कुणी विचारेना, तर त्यांनी वेगळी कंपनी काढली. डग्लसमध्ये समुद्राच्या कडेने घोड्यांची ट्राम, ती आजही चालते, आणि म्हाताऱ्या घोड्यांना निवृत्तीनंतर राहायला कुरण आहे. (आपल्याला मुलांची बेसमेंट आहेत.) स्नेफेल नावाच्या डोंगरावर विजेची गाडी चढते. वर उभं राहिलं की सात राज्यं दिसतात म्हणतात; त्यांत एक समुद्र आणि एक स्वर्ग धरलेला आहे. पुढे मोटारी आल्या, बरेच रूळ बंद पडले, पण दक्षिणेची गाडी त्यांनी जगवली, आणि डॉक्टरांच्या वडिलांनी ज्या स्टेशनवर तिकिटं दिली ते स्टेशन अजून उभं आहे. इतकं लहान बेट, पण कुणाच्या दारात 'आम्हाला न्या' म्हणून उभं राहिलं नाही. याला घराणं म्हणत नसतील तर कशाला म्हणतात, हे मला तुमच्याकडून समजून घ्यायला आवडेल.

तिथेच मी ठरवलं की सईच्या रुखवतात हे बेट मांडायचं. जाड शेवेचे रूळ, खाली शंकरपाळ्यांच्या फळ्या, बेसनवडीचं इंजिन, नारळाच्या वड्यांचे डबे, निळ्या खोबऱ्याचा समुद्र. लॅक्सी गावात खाणीतलं पाणी उपसायला बांधलेलं प्रचंड पाणचक्र आहे, ते चकलीचं. ते चाक मी स्वतः केलं. कॉलेजात शिकवणाऱ्या बाईला चकली जमत नाही असं तुम्ही माझ्या लग्नापासून म्हणत आला आहात, तेव्हा मुद्दाम कळवते, की चाक भव्य झालं आहे. हे ऐकून डॉक्टर इतके हरखले, की आपली सगळी आगगाडी रुखवतात मांडायला देतो म्हणाले. आता रुखवत मुलीकडचं; त्यात मुलाकडच्यांनी वस्तू ठेवायच्या की नाही, यावर इथे कुणालाच निर्णय देता येत नाही. सुलेखा इंटरनेटवर पाहते म्हणाली. मी म्हटलं, आपल्या घरात हा निर्णय इंटरनेट देत नाही.

लग्न सप्टेंबरच्या सुरुवातीला, लेबर डेच्या सुट्टीत आहे. (चातुर्मास आहे हे मला ठाऊक आहे. हॉलवाल्याला ठाऊक नाही.) तुमची हरकत दूर झाली असावी असं धरून चालते. विष्णूला आणि सूनबाईला आशीर्वाद.

तुमची नणंद,
उत्तरा

ता. क. सोबत चाकाचा फोटो आहे. नीट पाहावा.

ता. क. दुसरा. फोटो काढायची घाई केली ते बरं झालं. काढल्यावर चाक डग्लस स्टेशनावर कोसळलं. खरं सांगायचं तर ते तिसरं होतं. पहिलं तेलात विरघळलं. दुसरं पक्कं झालं; त्याचा एक तुकडा डॉक्टरांनी कौतुकाने तोंडात टाकला आणि त्यांच्याच दाताची टोपी निखळली. जन्मभर लोकांना कडक खाऊ नका म्हणून सांगणारा माणूस. त्यांनी टोपी रुमालात बांधली आणि चव चांगली आहे म्हणाले. असा व्याही पुन्हा मिळणार नाही.

ता. क. तिसरा. आता खरं ते लिहिते. तुमच्या सूनबाईने सुलेखाला सांगितलं, की तुम्ही सईच्या लग्नासाठी काढलेली पैठणी घडी घालून परत ठेवलीत आणि म्हणालात, दादा गेल्यावर माझं पुढे काय काम, कुणाच्या मनात किंतु नको. म्हणजे मांजरांच्या शेपट्या हे निमित्त होतं. वहिनी, १८८१ साली त्या बेटाने बायकांना मताचा हक्क दिला, इंग्लंडच्या कितीतरी आधी. पहिल्यांदा कुणाला, तर घरदार स्वतःच्या नावावर असलेल्या अविवाहित बायकांना आणि विधवांना. नवरा असलेल्या मागे राहिल्या. त्या घरात आपली मुलगी जाते आहे. तिथे किंतु धरणारं कुणी नाही, आणि आपल्यात कुणी धरलाच तर मी आहे. सईच्या मुंडावळ्या तुम्ही बांधायच्या. तिनेच सांगितलं आहे. मराठीत सांगितलं, "मोठी आजीच बांधणार," म्हणजे गंभीरपणे सांगितलं. त्या डोंगरावरच्या गाडीला मध्ये एक तिसरा रूळ आहे. चढताना त्याची गरज नसते. उतारावर गाडी त्याला धरून राहते. आपल्या घरात तो रूळ कोण, हे मी लिहीत नाही. सोऱ्या घेऊन यावं.

ता. क. चौथा. पाकीट बंद करत होते तेवढ्यात राजीव येऊन म्हणाला, रत्नामामीचा फोन होता. सूनबाईने मधल्या मध्ये तुम्हाला चाक कोसळल्याचं सांगितलेलं दिसतं. तुम्ही माझी चौकशी केली नाहीत, सईची केली नाहीत. एवढंच विचारलंत, की उत्तराने भाजणी घरची घेतली होती की विकतची, आणि मोहन किती घातलं. राजीवला दोन्ही ठाऊक नव्हतं. मी फोनवर आले नाही. मी आंघोळीला गेले होते. विकतची होती. तुमचं तिकीट काढायला सांगितलं आहे.