झाडाला हात लावणार नाहीत

४ मार्च
झोप नाही. डोळ्याला डोळा लागला नाही. हे रात्रभर बबडीच्या पाळण्याशी उभे — हात मागे बांधून, नुसते बघत. विचारलं तर म्हणाले, हिला कुठल्या डब्यात धरतील ते बघतोय.

हे खिळे-स्क्रूच्या दुकानात असतात. दिवसभर डबे लावायचं काम. आता म्हणतात, दुसऱ्या ग्रहावरचे येणार. त्यांना काय कळतंय माणूस कुठला न् कुत्रा कुठला? ते आपले निवडत जाणार. बोलतं ते एका डब्यात — ते नेणार. हलतं पण बोलत नाही ते दुसऱ्यात — तेही नेणार. आणि गप्प, एका जागी, नुसत्या पाण्यावर असतं ते झाड. झाडाला हात लावणार नाहीत.

बबडी दीड वर्षाची झाली. अजून एक शब्द नाही. डॉक्टरीण म्हणाली होती, काही मुलं उशिरा बोलतात. तेव्हा मी किती रडले. हे मात्र आता खूश. म्हणे, पोरगी वाचली.

६ मार्च
ह्यांनी फ्रीजची वायर काढली. का, तर तो घुरघुरतो, त्यालाही बोलणाऱ्यात धरतील. दूध नासलं.

७ मार्च
सासूबाईंना फोन केला. म्हणाल्या, कामाचा ताण असेल, तू त्याच्या नादी लागू नकोस. शेजारची शिवणवाली काकू तर हसलीच. नवरा पोरीला पाणी घालतो ना, मग तू खत घाल म्हणे! मीही हसले. घरी आल्यावर आधी खिडकीकडे धावले.

कारण खरंच घालतात. खिडकीत उन्हात बसवतात, आणि नुसतं पाणी. दूध नाही, घास नाही. मी न्हाणीत नळ सोडून तिला अंगावर पाजते. आवाज जाऊ नये म्हणून.

मारत नाहीत, ओरडत नाहीत. हेच तर. तिचे तळवे गालाला लावून रडतात. मला नेलं तरी चालेल म्हणतात, ही राहिली पाहिजे. एवढा जीव लावणाऱ्या माणसाची तक्रार कुठल्या तोंडानं करू?

९ मार्च
मला कशात धरतील, विचारलं.

"तू बोलतेस," म्हणाले. मग माझा हात सोडेनात.

१० मार्च
दुकानातून काढलं ह्यांना. सगळे डबे एकात ओतले — कुणाला निवडताच येऊ नये म्हणून. आता दिवसभर घरीच असणार. बबडीच्या मांड्या सुकल्यात. दादा मागेच म्हणाला होता, कधीही फोन कर, न्यायला येतो. उद्या करते. ह्यांना एकटं टाकून कशी जाऊ, हा एकच विचार.

१२ मार्च
बबडी बोलली.

खिडकीत बसल्या बसल्या, माझ्याकडे बघून — आई. दोनदा. ज्या शब्दासाठी जीव टांगणीला लागला होता, त्यावर मीच हात ठेवला. तिच्या तोंडावर. तरी ह्यांनी ऐकलं.

फोन बादलीत बुडवला. बाहेरून कुलूप लावून चिकटपट्टी आणायला गेलेत. तिच्या तोंडाला लावायला.

हे पान दाराखालून सरकवते. जो कोणी वाचेल त्यानं माझ्या दादाला फोन करा. नंबर मागे लिहिलाय. म्हणावं, आत्ता ये.