काचपट्टीवरचा मामा

कंग्राळी, ४ जून २०२४

चि. पूर्णिमास जोतिबामामाचा अ. उ. आ.

पत्र बघून नवल वाटंल. पण फोनवर बोलायची सोय न्हाय, घरात सगळ्यांचे कान तिकडंच. तुझी आई, आमची आक्का, सांगत होती, तू बेंगळूरला आतड्याच्या सुजेवर संशोधन करतीस. पोरी, तीन वर्षं मला संडासवाटे रक्त पडतंय. दिवसातनं आठदा पळावं लागतं. बेळगावात उद्यमबागेच्या फौंड्रीत साचा अर्धा टाकून जातो, पोरं हसतात. तिखट सोडलं, नवस बोललो. तुझ्या मामीशिवाय कुणाला ठाऊक न्हाय. आक्काला कळवू नको.

मामावरची माया पातळ होऊ देऊ नको.
तुझा जोतिबामामा

बेंगळूर, १० जून

ती. मामांस पूर्णिमाचा सा. न. वि. वि.

आधी रडले, मग तुमच्यावर रागावले. तीन वर्षं अंगावर काढलंत! मी डॉक्टर नाही, त्यामुळं रोगाचं नाव सांगणार नाही. याच आठवड्यात बेळगावात पोटाच्या तज्ज्ञांकडं जा. मी एवढंच सांगते: शरीरात जंतूंशी लढणाऱ्या पेशी असतात. काहींच्या आतड्यात त्या लढाई थांबवतच नाहीत, आपलंच अस्तर पोखरतात. का थांबत नाहीत, हेच मी शोधते. यात तिखटाचा दोष नाही, तुमचा तर नाहीच.

मामींना नमस्कार. रागावले तरी भाची तुमचीच.
पूर्णिमा

कंग्राळी, २ ऑगस्ट

चि. पूर्णिमास अ. उ. आ.

दुर्बीण घालून तपासलं. तुझ्याच विषयातला आजार निघाला, अल्सरेटिव्ह कोलायटिस. आदल्या दिवशी औषध पिऊन पोट असं धुतलं की मामी म्हणाली, दिवाळीला घरबी एवढं धुऊन निघत न्हाय. संशोधनाला आतड्याचा कण द्याल का, असं डॉक्टरांनी विचारलं. लगेच सही केली. तो तुझ्याच टेबलावर येतोय काय? औषध लागू पडलंय, रक्त थांबलं. आक्काला मीच सांगितलं. तिनं अर्धा तास शिव्या घातल्या, मग रडली.

आशीर्वाद आहेतच.
मामा

बेंगळूर, ९ ऑगस्ट

ती. मामांस सा. न. वि. वि.

आमच्याकडं नमुन्यांवर नाव नसतं, नुसता नंबर. बेळगावचे अकरा आलेत, त्यातला तुमचा कुठला ते कळायची सोय नाही. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टी ठेवली की मी प्रत्येकीला म्हणते, नमस्कार मामा. शेजारच्या टेबलावरचा कन्नड मुलगाही आता म्हणायला लागलाय.

गोळ्या मनानं बंद करू नका. तुमची माया राहू दे.
पूर्णिमा

कंग्राळी, २० नोव्हेंबर

चि. पूर्णिमास अ. उ. आ.

गेल्या महिन्यात दवाखान्यात एक तरुण मास्तर भेटला, आशुतोष. फाईल उलटी धरून, मान खाली घालून बसलेला. ते बसणं मला ओळखीचं. सगळ्यांच्या देखत मी त्याला म्हणालो, "मलाबी रक्त पडत होतं, सर." त्यानं हळूच विचारलं, लग्न ठरलंय, मुलीला सांगू काय. मी सांगितलं, आजच सांगा.

काल पत्रिका घेऊन घरी आला. मुलगी म्हणाली म्हणे, एवढंच होय, मला वाटलं दुसरी कोण आहे. त्याला मामा न्हाय. अंतरपाटाजवळ तुम्हीच उभं राहा म्हणाला. मामी फेट्याचं कापड आणाय गेलीया.

सुखी राहा, पत्र धाडत जा.
तुझा, आणि आता त्याचाबी,
जोतिबामामा