बांगडे पुन्हा तपासले

ता. ९, सकाळी

प्रिय दादा,

नमस्कार. मी ठीक आहे. सर्दी झाली होती, गेली. तू फोन उचलत नाहीस, म्हणून शेवटी कागद-पेन घेतलं. कितीही चिडलेला असलास तरी पत्र फाडण्याआधी एवढं वाच: तुझ्या बोटीच्या बांगड्यांत काहीही खोट नाही. काल प्रयोगशाळेत पुन्हा तपासले. शिसं, पारा, कॅडमियम, सगळं मर्यादेच्या बरंच खाली. आकडे वाचले आणि मी जिन्यात जाऊन पोटभर रडले.

वहिनीनं तुझ्या नकळत फोन करून सांगितलं, तिच्या रक्ताचा रिपोर्टही चांगला आलाय, बाळही छान आहे. हुश्श! सातव्या महिन्यातल्या बाईला मी आठ दिवस घोर लावला होता. तिला म्हणावं, आता बिनधास्त खा. फक्त मोठे शिकारी मासे बाळ होईपर्यंत जरा कमी, त्यांच्यात पारा साठतो. हे मात्र खरंच आहे हं, माझं खूळ नाही.

"मग आधी काय बिघडलं होतं गं?" वहिनीनं विचारलं. मी म्हटलं, मशीन.

इथेही सगळे तेच म्हणत होते. मीही मान डोलावली. मेकॅनिक आला, त्यानं दोन दिवस मशीन खोललं, पुसलं, जोडलं. त्याला काही सापडेना. मी त्याला चहा नेऊन देत राहिले.

दादा, मशीन चांगलं होतं. चुकले मी.

तपासायला माशाच्या पाठीचं नुसतं मांस घ्यायचं असतं, पोटातलं काही नाही. कॅडमियम साठतं ते यकृतात. हे मी नव्या मुलींना शिकवते! पण आपल्या घरी मासा साफ करताना यकृत कधी टाकलंय का? आई ते वेगळं काढून आपल्या दोघांच्या ताटात घालायची. त्या दिवशी गप्पांच्या नादात बारा बांगडे साफ केले आणि हातानं घरच्यासारखंच केलं. यकृतं मांसाबरोबर मिक्सरमध्ये गेली. आकडा आभाळाला भिडला. रिपोर्टवर आमच्या प्रमुख मॅडमची सही व्हायच्या आधीच मी तुला फोन केला, कारण डोळ्यांसमोर वहिनीचं पोट होतं. तू "प्रोफेसरीणबाई, आता समुद्रालाच नापास करा" म्हणून ओरडलास आणि तरी माझ्या शब्दावर सगळा माल पाण्यात ओतलास. मेकॅनिकच्या कामाच्या दुसऱ्या दिवशी हे माझ्या लक्षात आलं आणि मी तोंड शिवून बसले.

परवा मॅडमना सांगितलं.  त्या म्हणाल्या, "फ्रीजरमधले त्याच मालाचे उरलेले मासे आण. माझ्यासमोर काप." कापले. या वेळी नुसतं पाठीचं मांस घेतलं. मेमो मिळालाय, तो रास्तच आहे. खरं सांगू? मेमो हातात पडल्यावर त्या रात्री मी पहिल्यांदा गाढ झोपले.

मॅडमचं अधिकृत पत्र सोबत आहे, ते बंदरावरच्या फळ्यावर लाव. खाली माझ्या चुकीबद्दल दोन ओळी आहेत, त्या झाकू नकोस. आणि माझं हे पत्र वहिनीला तू स्वतः वाचून दाखव. मशीनचं खोटं मी तिच्याशी बोलले, खरं तिला तुझ्या तोंडून कळू दे. त्यानंतर फोन उचलायचा की नाही, ते तुम्ही दोघं ठरवा.

तुझी धाकटी बहीण,
आणि तुम्ही म्हणाल तर, बाळाची आत्या