घरातल्या घरात रजा

आये, या आठवड्यात मी आजारपणाची रजा घेतली. मंगळवार आणि बुधवार. तू असतीस तर पहिला प्रश्न हाच केला असतास, की रजा घेऊन गेलंस खंय? कुठेच नाही. सोमवारी जिथे झोपले होते तिथेच मंगळवारी उठले. माझं ऑफिस म्हणजे आतल्या खोलीतलं एक टेबल आणि त्यावरचा लॅपटॉप. आपल्या कट्टा गावच्या बाजारात हे अजून कुणाला नीट पटलेलं नाही. वाणी मला दर महिन्याला विचारतो, "सुट्टी संपाक नाय अजून?" आणि मी त्याला दर महिन्याला सांगते की ही सुट्टी नव्हे, नोकरी आहे. तो मान हलवून साखर बांधायला घेतो.

तू गेल्यावर कित्येक वर्षं हे घर बंद होतं. मी पुण्याला होते, वर्षातून एकदा येऊन जळमटं काढायची आणि कुलूप लावून परत जायचं. मग कंपनीने घरून काम करायला परवानगी दिली आणि मी तडक इकडे आले, त्याला तीन वर्षं झाली. काम विम्याचं. लोक आजारी पडतात, दवाखान्याची बिलं पाठवतात, आणि त्यातली दुखणी खरी किती आणि रचलेली किती ते मी बघते. म्हणजे दिवसभर संशय घ्यायचा आणि त्याचा पगार घ्यायचा. तुला हे काम अजिबात आवडलं नसतं. मला आवडतं, आणि त्याहून जास्त हे आवडतं की काम मिटलं की मी चपला घालून तुझ्या शेवग्याखाली उभी असते. पण गेल्या महिन्यात आमच्या मॅडमनी सांगितलं की मे अखेरीला ठरणार, कुणी घरून काम करायचं आणि कुणी पुण्याला परत यायचं. वरच्यांना वाटतं की गावाकडे बसलेली माणसं पगार घेऊन झोपा काढतात. मला बोलावलं असतं तर परत कुलूप आणि परत जळमटं.

त्यावर माझा उपाय आधीपासून ठरलेला होता. रजाच घ्यायची नाही. तीन वर्षांत एकही आजारपणाची रजा नाही. दाढ सुजली तेव्हा गालाला रुमाल बांधून काम केलं. पोट बिघडलं तेव्हा लॅपटॉप घेऊन कुठे कुठे बसले ते तुला सांगत नाही. ताप आला की अंथरुणात उशी उभी करायची, कॅमेरा बंद ठेवायचा आणि आवाज जरा खाकरून साफ करायचा. कुणाला कळत नाही. मला वाटायचं, यापेक्षा मोठा पुरावा तो काय द्यायचा.

तुझं सगळं उलट होतं. तूही घरूनच काम करायचीस, त्याला कुणी तसं म्हणत नव्हतं एवढंच. पडवीत मशीन, खुंट्यांवर ब्लाऊज, कोपऱ्यात शाळेच्या गणवेशांचा ढीग. आणि ताप आला की तू आत निजायची नाहीस. माझ्याकडून खाट पडवीत ओढून घ्यायचीस, मशिनीवर चौकड्याची चादर घालायचीस, केस विंचरायचे, तोंडाला पावडर लावायची, आणि मग रस्त्याकडे तोंड करून आडवं व्हायचं. इतकं साग्रसंगीत आजारपण मी दुसरीकडे पाहिलं नाही. आलेल्या गिऱ्हाइकाला म्हणायचीस, "आज माका ताप इलोहा, आणि मशिनीकय. परवा ये." लोक हसायचे, पायरीवर टेकायचे, चहा मलाच करावा लागायचा.

मला त्याची भारी लाज वाटायची. एकदा आमच्या वर्गाच्या बाई त्यांचा ब्लाऊज न्यायला आल्या. मी शाळेतून नुकतीच आलेय, बाई फाटकात दिसतात, आणि तू पडवीत पावडर लावून पडलेली. मी धावत फाटकाशी जाते आणि सांगते, आई बाहेर गेलीय. बाई वळणार तोच पडवीतून तुझा आवाज येतो, अगदी ठणठणीत, "मी हय आसंय, आणि आजारी आसंय. माका बाहेर खंय धाडतंस गो?" बाई आत आल्या, खाटेच्या कडेला बसल्या आणि तास-दीड तास हलल्या नाहीत. त्या गेल्यावर तू मला जवळ बोलावलंस. मला वाटलं आता पाठीत बसणार. तू म्हणालीस, "आजारी पडणा म्हणजे काय चोरी आसा? तोंड कित्याक लपवतंस?" आणि थोड्या वेळाने, डोळे मिटून, "आत निजलंय तर कोण मानतला? घरातच आसा मगे, वायच उठ, म्हणतले. एक बटनाचा काज करून दी म्हणतले." तेव्हा मला त्यातलं काही कळलं नाही. तू तमाशा करतेस एवढंच मत मी पक्कं केलं.

मंगळवारी सकाळी डोळे उघडले तेच जळत होते. अंग मोडून आलेलं. नेहमीप्रमाणे उशी उभी केली, लॅपटॉप मांडीवर घेतला. कुणा गृहस्थांच्या टायफॉइडची कागदं होती, एकच ओळ मी परत परत वाचत होते आणि ती प्रत्येक वेळी नवी वाटत होती. शेवटी ऑफिसच्या ग्रुपवर लिहिलं की तब्येत जरा नरम आहे, पण फोनवर आहे. लगेच एकाचं उत्तर, काळजी घे. आणि त्याच्याच खाली, "घरीच आहेस ना, मग एवढी एक फाईल बघून दे ना." मी ते वाचलं आणि तापाने फणफणलेली असताना एकटीच मोठ्याने हसत सुटले. हा तुझाच काज, आये. इतकी वर्षं तो माझी वाट बघत होता.

हसू थांबल्यावर मी मॅडमना सरळ फोन लावला. पुण्याशी बोलताना मी आपोआप ताठ बसते, तशी बसले.

"मॅडम, मी आजारी आहे. आज आणि उद्या काम करणार नाही. फोनवरही नसेन."

त्या नुसतं "बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवला. काळजी घे नाही, काय झालं नाही. मला वाटलं, झालं, शेवग्याच्या शेंगा यंदा शेजारीच खाणार.

पण बोलून तर बसले होते. मग ठरवलं, गेलं तर सगळंच जाऊ दे, पण नीट तरी करू. लॅपटॉपवर टॉवेल टाकला. खाट ओढत पडवीत आणली, वाटेत दोनदा त्याच खाटेवर बसून दम खाल्ला. केस विंचरले. पावडर नव्हती, तोंड धुऊन भागवलं. रस्त्याकडे तोंड करून निजले तेव्हा तोंडवलीहून येणारी मासेवाली फाटकाशी थांबली. मी नको म्हटलं, ताप आहे म्हटलं, तर पाटी न उतरवताच म्हणाली, "मगे पेजेवांगडा खावक सुको बांगडो भाज." आणि पुढे जाऊन समोरच्या काकीला वर्दी दिली. पाचच मिनिटांत काकी हजर. तिचे गुडघे आता फार दुखतात, तरी आली.

"काय गो, पडवीत निजलंस? काय होता तुका?"

"ताप आसा, काकी. आज रजा घेतलंय."

"घरातल्या घरात?"

"घरातल्या घरात."

तिने कपाळाला हात लावून बघितला, पायरीवर बसली आणि मशिनीच्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुझी आवस अशीच निजायची. माका तिचा दुखणा लय आवडायचा. चाय पियत बसूक गावायचा." त्यावर मला रडू आलं आणि हसूही, आणि काकीने ते तापावर घातलं. दुपारपर्यंत पडवीत उकड्या तांदळाची पेज आली, कुळथाची पिठी आली, दोन शहाळी आली. वाणी दुकान मध्येच टाकून आला आणि मला खाटेवर बघून त्याचा चेहरा उजळला. "म्हणजे आता खरी सुट्टी," तो म्हणाला. "मगे इतके दिवस तू कामच करी होतंस तर." तीन वर्षं मी सांगून जे झालं नाही ते एका तापाने झालं.

गुरुवारी कामावर बसले आणि पहिला फोन मॅडमचाच. मी कुलपाची किल्ली कुठे ठेवलीय ते आठवू लागले.

"बरी आहेस?" त्या म्हणाल्या. "खरं सांगू? तुझी तीन वर्षांत एकही रजा नव्हती. माणूस म्हटलं की आजारी पडतंच. मी धरून चालले होते की तू दुखणीखुपणी घरीच लोळून भागवतेस आणि काम केलं म्हणून दाखवतेस. तुला परत बोलवायचं मी जवळपास ठरवलं होतं."

"आणि आता?"

"आता कळलं, की आजारी असलीस की तू तसं सांगतेस. म्हणजे एरवी कामच करत असतेस. राहा तिकडेच."

फोन ठेवला आणि मी आतल्या खोलीत अक्षरशः नाचले, आये. गाल बांधून केलेल्या कामाला कुणी विचारलं नाही, आणि पडवीतल्या दोन दिवसांनी घर राखलं. मी ते काकीला सांगायला धावले, तिला निम्मं कळलं आणि तिने उरलेल्या निम्म्यासकट सगळ्या वाडीला सांगितलं.

एवढं लांबलचक लिहिलं, पण हे तुझ्याजवळच राहणार. काकीला वाचून दाखवायचं नाही आणि पुण्याच्या वाऱ्यालाही लागू द्यायचं नाही. कारण बुधवारी मला ताप नव्हता. पहाटेच उतरला होता. अंग हलकं, भूक कडकडीत. काकीने आणलेली ओल्या काजूगरांची उसळ मी वाटी पुसून खाल्ली आणि वर कण्हून दाखवलं. उठून कामाला बसता आलं असतं. उठलेही होते. पण त्या खाटेवरून रस्ता कसा दिसतो, कोण आधी फाटकाशी थांबतं, तू तिथे पडून दिवसभर काय बघायचीस, ते तापात मला नीट बघता आलं नव्हतं. म्हणून परत आडवी झाले आणि संध्याकाळपर्यंत तुझ्या जागी पडून राहिले.