केबलची दोन टोकं

३ मार्च
सासऱ्यांच्या, म्हणजे बाबांच्या, हाताखाली दुसरा महिना! चपलांचं दुकान बुडाल्यावर हे नवं खूळ — नेटवर्कच्या केबल टाकायच्या. आत आठ बारीक तारा, रंगीत — नारिंगी, हिरव्या, निळ्या, तपकिरी. ठरलेल्या क्रमाने ओळीत लावा, प्लास्टिकच्या कनेक्टरमध्ये सरकवा, पक्कड दाबा — कट्ट! एक टोक बाबा करतात, दुसरं मी. मग टेस्टर लावायचा. त्याचे दिवे ओळीने लागले की केबल पास. मला तर जाम आवडलंय. चपला विकताना लोकांच्या पायाशी बसायचो, इथे निदान भिंतीशी बसतो.

५ मार्च
दवाखान्याच्या नव्या इमारतीत दोन केबल नापास. दिवे मध्येच उड्या मारतात! टेस्टर फक्त म्हणतो, दोन टोकं जुळत नाहीत. चुकलं कुठलं, ते सांगेल तर शपथ. मी माझी टोकं निरखून पाहिली. चोख! बाबा म्हणाले, "माझंच चुकलं असेल हो," आणि दोन्ही टोकं कापून नव्याने केली. माझी कशाला कापता? तर म्हणे, सवय.

७ मार्च
पुन्हा नापास. तिथला इंजिनिअर भडकला — "बुधवारी सगळ्या लाइन तपासणार. एक जरी वाकडी निघाली तर काम दुसऱ्याला देणार!" बाबांनी हसण्यावारी नेलं. मला मात्र राग आला. वय झालं, डोळे दगा देतात, मान्य करायला काय जातं? पण बोलणार कसं — सासरे पडले!

८ मार्च
शेवटी बायकोला सांगून टाकलं. बाबांच्या हातातली पक्कड काढून घे, दोन्ही टोकं मीच करतो. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "पक्कड सोडून बाबा घरात काय करतील रे?" वाईट वाटलं. पण हे काम गेलं तर आपण तिघंही घरात बसू, त्याचं काय!

९ मार्च
उद्या बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं. वाटलं होतं, बाबा घर डोक्यावर घेतील. छे! बशीतला चहा फुंकत म्हणाले, "येतो की. पण एकटा नाही. जावईबापूंनीही डोळे दाखवायचे." आता माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय? पण म्हटलं, चला, पुरवू हट्ट. निकाल लागल्यावर त्यांची समजूत कशी घालायची, त्याची आरशासमोर तालीमही करून ठेवली.

१० मार्च
डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक उघडलं. बाबांनी त्यातले आकडे घडाघडा वाचले. माझी पाळी आली. पान उलटलं, पुन्हा उलटलं — मला नुसते ठिपके! हिरवा आणि तपकिरी मला सारखेच दिसतात म्हणे. जन्मापासून!

बाहेर आल्यावर बाबा हळूच म्हणाले, "मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. तुम्ही इतक्या उमेदीने कामाला लागला होतात... तोंड उघडवेना."

माझ्या चुका ते आपल्या अंगावर घेत होते, आणि मी त्यांचीच पक्कड काढून घ्यायला निघालो होतो.