माझ्या अपेंडिक्सची परस्पर बदली

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
सार्वजनिक रुग्णालय,
तळमजला, बंद दाराची खोली.

विषय : सहाव्या महिन्यात दुखणारे माझे अपेंडिक्स कोणत्या विभागाचे, हे आजच ठरवून मिळणेबाबत.

संदर्भ : १) शस्त्रक्रिया विभागाचा तोंडी नकार.
२) प्रसूती विभागाचा तोंडी नकार, हसतमुखाने.

महोदय,

सविनय सादर करते की, मी एका कार्यालयात बदल्यांच्या टेबलावर वरिष्ठ लिपिक असून सहा महिन्यांची गरोदर आहे. कालपासून उजव्या कुशीत कळा, उलट्या आणि ताप असल्याने आज सकाळी आपल्याकडे दाखल झाले. दाखल म्हणजे दोन विभागांमधल्या व्हरांड्यात स्ट्रेचरवर आहे. डोके प्रसूतीकडे, पाय शस्त्रक्रियेकडे.

२. शस्त्रक्रियेच्या मोठ्या डॉक्टरांनी पोट दाबून सांगितले, "अपेंडिक्स असतं तर खाली दुखलं असतं. तुमचं वर दुखतंय." भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी मात्र खुलासा केला की गर्भाशय वाढले की अपेंडिक्स वर ढकलले जाऊ शकते. म्हणजे त्याची आदेशाविना परस्पर बदली झाली आहे. बदली वरच्या जागी झाली म्हणून कर्मचाऱ्याला ओळखच दाखवायची नाही, असा प्रकार माझ्या नोकरीत एकदाही घडलेला नाही.

३. सोनोग्राफीत बाळ मध्ये आल्याने अपेंडिक्स दिसले नाही. त्यावर मोठे डॉक्टर म्हणाले, "पोटात मूल असताना सुरी लावली आणि कळा सुरू झाल्या तर जबाबदार कोण? आधी बाळंत व्हा, मग या." प्रसूतीच्या बाईंनी ठोके ऐकून कळवले, "बाळ मजेत आहे. दुखणं आमचं नाही." बाळ मजेत आहे याचा मला आनंदच आहे, परंतु ते राहते कुठे याचाही कोणीतरी विचार करावा. ऑपरेशन कधीही होईल म्हणून पाणीसुद्धा बंद केले आहे आणि ऑपरेशन तर होत नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तो मीच.

४. सासूबाईंचे मत, "गरोदर बाईच्या पोटाला कुणी सुरी लावतं का? शेक द्या, उतरेल." त्या गरम पाण्याची पिशवी घेऊन सज्ज होत्या, ती भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी काढून घेतल्याने त्या बाकावर रुसून बसल्या आहेत. यजमान दोन्ही दारांत हात जोडून "तुम्ही म्हणाल तसं" म्हणत फिरतात. कोणीच काही म्हणत नसल्यामुळे तसे काही होत नाही.

५. धोक्याची मला कल्पना आहे. डॉक्टरबाईंनी काही लपवले नाही. ऑपरेशनमुळे कळा वेळेआधी सुरू होऊ शकतात, क्वचित बाळ हातचे जाऊ शकते. परंतु अपेंडिक्स आत फुटले तर बाळाचा धोका कितीतरी पटींनी वाढतो आणि माझाही जीव टांगणीला लागतो. मला दोन्हींची भीती वाटते. तरीही विचारपूर्वक पहिली भीती निवडली असून संमतीपत्रावर सही करून दिली आहे. ती सही घेऊन आत जायला कोणी तयार नाही, इतकाच प्रश्न उरला आहे.

६. सबब, दोन्ही विभागांना एकाच टेबलाभोवती उभे करावे, ही विनंती. ते टेबल ऑपरेशनचे असावे. बाळाकडे एकाने पाहावे, माझ्याकडे दुसऱ्याने. निर्णय आपण न घेतल्यास अपेंडिक्स तो स्वतःच्या अधिकारात घेईल, आणि त्यावर अपील नाही.

७. एका अर्जात एकच मागणी असावी, हा नियम मी स्वतः लोकांना ऐकवून त्यांचे अर्ज परत केले आहेत. तरीही लिहिते : मला हे मूल हवे आहे, आणि मलाही जगायचे आहे.

आपली नम्र आणि आडवी,
(सही कळ आल्याने वाकडी आली आहे, ग्राह्य धरावी.)
व्हरांड्यातील अर्जदार

सोबत : पोट, मूळ प्रत. नक्कल निघत नाही.

दिनांक : आजचा. उद्याचा चालणार नाही.