झातर तिच्याजवळ भुंकत नाही

४ ऑक्टोबर
झातर आज परत त्या पांढऱ्या कुत्र्यावर धावून गेला. पट्टा ओढताना माझा तळहात सोलला. समोरच्या उम्म शकीब गॅलरीतून म्हणाल्या, "मैसून, कुत्रा पाळलायस की तोफ?"
कचऱ्याच्या ढिगाऱ्यातून उचलून आणलं मी याला. दोन वर्षं हातानं भरवतेय.

७ ऑक्टोबर
धाकटी बहीण रंद आली अकाबाहून. "सुट्टीवर आलेय, ताई." एकच बॅग. झातर सरळ तिच्या पायावर डोकं ठेवून झोपला. पहिल्याच दिवशी! माझ्याजवळ यायला त्याला तीन महिने लागले होते.

९ ऑक्टोबर
रंद त्याला फिरवून आणते म्हणाली. परत येऊन सांगते, भुंकला नाही. मी म्हटलं, कुत्रंच दिसलं नसेल.
दोन दिसली म्हणे.

१२ ऑक्टोबर
त्यांच्या मागे लपतछपत गेले. लिहायलाही लाज वाटते. पांढरा कुत्रा लांब दिसताच रंदने रस्ता ओलांडला, पट्टा सैल सोडला. झातरने तिकडे पाहिलं की लगेच चीजचा तुकडा. तो बघत होता, खात होता. बस, एवढंच.
घरी म्हणाली, "ताई, तो रागीट नाही गं, घाबरतो. कुत्रं दिसलं की तू श्वास रोखतेस, पट्टा आवळतेस. त्याला वाटतं, ताईच घाबरली म्हणजे नक्की काहीतरी आहे."
"तुला कुणी शिकवलं हे?"
ती कप विसळत राहिली.
मला शिकवते! आईची लाडकी ती, शाळेतल्या बाईंची लाडकी ती. आता कुत्राही तिचाच.

१५ ऑक्टोबर
पट्टा सैल सोडून पाहिला. नाही जमलं. झातर सारखा मागे वळून तिलाच शोधत होता.
जेवताना विचारलंच, "सुट्टी कधी संपतेय?"
"संपेल," रंद म्हणाली. पुढे जेवली नाही.

१६ ऑक्टोबर
तिघं खाली उतरलो. पट्टा रंदकडे. कोपऱ्यावर तिचा नवरा निदाल उभा. हातात मिठाईचा डबा, तोंडभर हसू. "चल, पुरे झालं माहेरपण."
रंदची मूठ आवळली. पट्टा ताठ झाला आणि झातर उसळला — तिच्या हातात पहिल्यांदाच. मी कुत्र्याकडे पाहिलंच नाही. रंदकडे पाहिलं. तिने श्वास रोखला होता.
पट्टा मी घेतला. "वर जा. आतून कडी लाव." निदालला म्हटलं, "रंद आता माझ्याकडे राहते."
झातर भुंकत होता. मी त्याला गप्प केलं नाही.